मोजणारा कोण, तपासणारा कोण? आरोग्य आणि पोषण सेवांच्या सरकारी आढाव्याविषयी

तापीकाठ (शहादा)

नमस्कार मंडळी.

जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात सांख्यिकीच्या टेबलावर माझी सारी नोकरी गेली. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तेव्हा जुन्या अहवालांचे गठ्ठे सुतळीने बांधून इकडे आणणाऱ्यांपैकी मी एक होतो. निवृत्तीनंतर आकड्यांचा विषय काढायचा नाही असे ठरवले होते. परंतु मागच्या आठवड्यात आपल्या या चर्चामंचावरच धडगाव तालुक्यातील कुपोषणावरून दोन सदस्यांची जुंपली, दोघांनीही सरकारचेच आकडे दिले, ते एकमेकांशी जुळेनात, आणि ‘सरकार खोटे बोलते’ एवढ्यावर विषय मिटला. तो तसा मिटू नये म्हणून हा धागा काढतो आहे.

माझे म्हणणे आधीच सांगतो. आपल्याकडे मोजणी कमी होते असे मुळीच नाही, ती उदंड होते. अडचण अशी की, ज्याच्या कामाचा हिशेब व्हायचा त्याच्याच हातात बहुतेक ठिकाणी काटा असतो. आणि जिथे तो दुसऱ्याच्या हातात असतो, तिथला आकडा गावापर्यंत उतरत नाही.

रोजची वाट पाहा. आशाताई घरोघरची नोंद आपल्या वहीत करते, आरोग्यसेविका ती उपकेंद्राच्या नोंदवहीत घेते, महिनाअखेरीस प्राथमिक आरोग्य केंद्रात गोषवारा होतो आणि तालुका, जिल्हा असे करत तो २००८ पासून चालू असलेल्या आरोग्य व्यवस्थापन माहिती प्रणालीत जातो. सपाटीवर ५,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि ३०,००० ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे; आदिवासी भागात तो ३,००० आणि २०,००० असा आहे. कागदावर ही सवलत वाटते, पण हे तीन हजार लोक सातपुड्यात किती डोंगरांवर विखुरलेले असतात ते चालून गेल्याशिवाय कळत नाही. लस कुठे कमी पडली, औषधे किती पाठवायची, हे ठरवायला ही माहिती उत्तम आहे. तीच माहिती पुढे ठेवून ‘तू काम कसे केलेस’ असे विचारले, की कागद बदलू लागतो.

एकदा एका पाड्यावरच्या अंगणवाडीत मी तपासणीला बसलो होतो. वाशाला ताणकाटा टांगलेला, त्याला कापडी झोळी, झोळीत दीड वर्षाचे मूल. मूल पाय झाडत होते, त्यामुळे काटा साडेसात आणि आठच्या मध्ये थरथरत होता. सेविका क्षणभर थांबली आणि तिने ‘आठ’ लिहिले. मी नोंदवहीची मागची पाने चाळली. महिन्यामागून महिने वजने पूर्ण किंवा अर्ध्या किलोवर संपत होती; ७.३ किंवा ८.७ असे वजन शोधूनही सापडेना. खऱ्या मोजणीत शेवटचा अंक शून्यापासून नऊपर्यंत सर्वत्र विखुरतो. तो शून्य आणि पाचावर गोळा झाला, की तिथे काट्यापेक्षा अंदाज जास्त चालला आहे असे समजावे. जनगणनेत चाळीस, पन्नास, साठ वर्षांची माणसे जास्त का निघतात, याचेही कारण तेच.

दुसऱ्या टोकाला महानिबंधक कार्यालयाची नमुना नोंदणी पद्धत आहे. ती १९६९-७० पासून देशभर चालते. निवडलेल्या गावात एक अंशकालीन गणक वर्षभर जन्म आणि मृत्यू टिपतो. दर सहा महिन्यांनी दुसरा माणूस, म्हणजे पर्यवेक्षक, पहिल्याची यादी न पाहता घरोघर जाऊन तीच चौकशी करतो. मग दोन्ही याद्या शेजारी ठेवतात, आणि जे नाव एकाच यादीत सापडते त्याच्यासाठी पुन्हा गावात जातात. पद्धत इतकी साधी, पण देशाचा अर्भकमृत्यू दर, म्हणजे वर्षाच्या आतल्या बाळांच्या मृत्यूंचा दर, तिच्यावर उभा आहे. २०२० साली हा दर हजार जिवंत जन्मांमागे देशात २८ आणि महाराष्ट्रात १६ होता. मातामृत्यूचे प्रमाण २०१८-२० या काळात लाख जिवंत जन्मांमागे देशात ९७ आणि राज्यात ३३ होते. मात्र नमुना लहान असल्यामुळे यातून जिल्ह्याचा आकडा निघत नाही. त्या ३३ मध्ये पुणेही आहे आणि आमच्या सातपुड्यातले मोलगीही आहे. कोणाचा वाटा किती, हे त्यातून कोणालाच सांगता येणार नाही.

माहितगारांनी भर घालावी, चुकत असेन तर दुरुस्त करावे.

गिरणाकाठची (चाळीसगाव)

दादा, नमुन्याचा मुद्दा पुढे नेते. एका मोठ्या सर्वेक्षणात मी प्रश्नावली घेऊन फिरले आहे, त्यामुळे थोडे आतून सांगता येईल.

जिल्ह्याच्या बातम्यांत जे टक्के येतात, ते बहुधा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे असतात. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे त्याची जबाबदारी आहे. पहिली फेरी १९९२-९३ मध्ये झाली, पण जिल्हावार आकडे चौथ्या फेरीपासून, म्हणजे २०१५-१६ पासून मिळू लागले. पाचव्या फेरीत (२०१९-२१) ७०७ जिल्ह्यांतील सुमारे ६.३७ लाख कुटुंबे घेतली गेली. भागाकार केला तर जिल्ह्याला सरासरी नऊशे कुटुंबे येतात, आणि निवडलेल्या प्रत्येक वस्तीतून २२ घरे घ्यायची असल्याने वस्त्या चाळीसेक होतात. २०११ च्या जनगणनेत नंदुरबारची लोकसंख्या १६.४८ लाख होती. एवढ्या जिल्ह्याचे चित्र चाळीस ठिकाणांवरून बरेचसे नीट उमटते, कारण निवड शास्त्रीय असते. पण त्यातून अक्कलकुवा आणि नवापूर यांची तुलना करू गेल्यास फसगत ठरलेली. ज्या उत्तरामागे २५ ते ४९ एवढीच माणसे असतात, तो टक्का अहवालात कंसात छापतात, आणि त्याहून कमी असतील तर आकडा देतच नाहीत. बातमी होईपर्यंत तो कंस गळून पडतो.

दुसरी गोष्ट कुलपाची. या सर्वेक्षणात आदल्या रात्री त्या घरात मुक्कामाला असलेल्या स्त्रियांनाच प्रश्न विचारायचे असतात आणि बंद घराच्या जागी शेजारचे घर घेता येत नाही. शास्त्राच्या दृष्टीने हे योग्यच आहे, नाहीतर प्रत्येक जण रस्त्यालगतची सोयीची घरे घेईल. परंतु धडगाव-अक्कलकुव्याकडची कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि होळीला परत येतात. अशा हिवाळ्यात मोजणी झाली, तर जी मुले सर्वांत जास्त अडचणीत असतात, नेमकी तीच कुलपामागे निघून जातात, आणि उरलेल्या मुलांचा सरासरी आकडा पाहून आपण सुखावतो.

भाषेचे तर बोलायलाच नको. तोरणमाळच्या बाजूला प्रश्न मराठीत आणि उत्तर तिथल्या पावरी बोलीत, मध्ये दुभाषी म्हणून शाळेत जाणारी पुतणी. ‘मागील दोन आठवड्यांत बाळाला जुलाब झाले होते का?’ एवढ्या प्रश्नाचे तिने दोन शब्द केले, समोरच्या बाईने मान हलवली आणि मी ‘नाही’वर गोल केला. त्या दोन शब्दांत दोन आठवडे होते की नव्हते, हे मला आजही ठाऊक नाही. इकडे चाळीसगाव तालुक्यात अहिराणी कळत असल्याने तशी अडचण आली नाही, पण एका आजीने तासभर उत्तरे देऊन झाल्यावर विचारले होते, “लिखी त लेतस, पन फुढे काय व्हस?” माझ्या प्रशिक्षण पुस्तिकेत याचे उत्तर नव्हते.

केळीबाग (रावेर)

मी शेतकरी माणूस, आकड्यांत फारसा शिरत नाही. माझी एकच शंका आहे. अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या सात महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांना महिन्यातून सोळा दिवस अंडे, किंवा अंडे न खाणाऱ्यांना केळी द्यायची असते, असे वाचले आहे. केळी आमच्याकडची, म्हणून आपुलकी. ते केळे मुलाच्या पोटात गेले की नाही, हे सरकार तपासते कसे? आणि महालेखापालांचा अहवाल येतो म्हणतात, त्याने खरोखर कोणाचे काही अडते का?

लेखणी (धुळे)

केळीबाग भाऊ, लेखापरीक्षणाचे काम जवळून पाहिलेले असल्याने उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

नियंत्रक व महालेखापरीक्षक (कॅग) हे घटनेच्या १४८ व्या कलमाने निर्माण झालेले पद आहे आणि कामाची चौकट १९७१ च्या कायद्याने ठरलेली आहे. बिले-पावत्या जुळतात का, एवढेच ते पाहतात असा समज आहे. पण कामगिरी लेखापरीक्षण नावाचा वेगळा प्रकार आहे, त्यात योजनेने ठरवलेला हेतू साध्य झाला का, हा प्रश्न असतो. जिल्हे, तालुके, केंद्रे नमुन्याने निवडतात, खात्याचा अधिकारी सोबत घेऊन प्रत्यक्ष पाहणी करतात, जागेवर दोघांच्या सह्या घेतात. मसुदा खात्याला जातो, खात्याचे उत्तर त्यात घेतले जाते, मग अहवाल राज्यपालांमार्फत विधिमंडळात येतो आणि तिथून लोकलेखा समितीकडे. संसदेत १९६७ पासून या समितीचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत आहे, आणि तो अर्थपूर्ण आहे.

आता केळ्याचे. एकाच वाटपाचा माग तीन ठिकाणी असतो: पुरवठादाराचे देयक, साठा नोंदवही आणि मुलांचा हजेरीपट. तिन्ही एकाच माणसाने एकाच बैठकीत भरले असतील, तर ते इतके सुबक जुळतात की त्या सुबकपणाचाच संशय यावा. एका ठिकाणी अंगणवाडी बंद असल्याची नोंद वरिष्ठांच्या भेटवहीत होती, आणि त्याच दिवशी पूर्ण पटाला अंडी वाटल्याचे हजेरीपटावर होते. शाईही एकच. तेवढ्यावर अहवालात आक्षेपाचा परिच्छेद उभा राहिला.

परंतु मर्यादाही सांगायला हवी. घटना घडते, मग लेखापरीक्षण होते, मग अहवाल पटलावर येतो, मग समितीसमोर साक्ष होते. तोवर त्या अंगणवाडीतले मूल शाळेत जाऊ लागलेले असते. शिवाय अंडे विकत घेतले का आणि वाटले का, इथवर हा मार्ग पोहोचतो. अंड्याने मूल वाढले का, हे त्याला सांगता येत नाही, तो त्याचा प्रांतच नव्हे. विधिमंडळाच्या पंचायत राज समितीच्या दौऱ्यांविषयी मी काही लिहीत नाही. दौरा जाहीर झाला की कोणत्या भिंतींना चुना लागतो, हे इथल्या सर्वांना माहीत आहे.

डॉ. सातपुडा

आकड्यांच्या चर्चेत एक वेगळा प्रकार राहून जातो आहे. ज्यात संख्या मोठी नसते, पण प्रत्येक घटना शेवटपर्यंत उलगडायची असते, तो म्हणजे मृत्यूचे अन्वेषण. आपल्याकडे मातामृत्यू अन्वेषणाची पद्धत २०१० पासून आली आणि २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनी ती अधिक नेटकी झाली. गावात चौकशी वेगळी होते, रुग्णालयात वेगळी होते, आणि निवडक प्रकरणे जिल्हाधिकाऱ्यांसमोर येतात, जिथे मृत स्त्रीच्या नातेवाइकांनाही बोलावून त्यांचे ऐकायचे असते. उशीर तीन जागी शोधतात: घरातून निघण्याचा निर्णय घेताना, वाटेत, आणि दवाखान्यात पोहोचल्यावर.

अशा एका बैठकीला मी होतो. ठिकाण आणि संस्था सांगणार नाही. बांबूला बांधलेल्या झोळीतून डोंगर उतरवून आणलेली स्त्री, प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाने गेलेली. चौकशीच्या अर्जात ‘नातेवाइकांनी उशिरा आणले’ असे भरलेले होते, म्हणजे पहिला विलंब, विषय संपला. तिचा नवरा दाराजवळच्या खुर्चीच्या कडेवर बसला होता. त्याला विचारल्यावर त्याने खिशातून घडी पडलेल्या चिठ्ठ्या काढून टेबलावर मांडल्या. तीन ठिकाणच्या तीन चिठ्ठ्या होत्या. पहिल्या ठिकाणी ते दुपारी पोहोचले होते. तिथून दुसरीकडे पाठवले, तिथे रक्त नाही म्हणून तिसरीकडे, आणि रात्र वाटेतच गेली. खुणेची फुली पहिल्या रकान्यातून तिसऱ्या रकान्यात गेली. रकाना बदलला की उपायही बदलतो: ‘जनजागृती करावी’ या शेऱ्याऐवजी रक्तसाठ्याची मागणी लिहावी लागते.

ही पद्धत तेव्हाच चालते, जेव्हा खरे सांगणाऱ्या परिचारिकेला शिक्षेची भीती नसते. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९५२ पासून मातामृत्यूंची गोपनीय चौकशी होते, नावे काढून टाकूनच प्रकरणे तज्ज्ञांपुढे जातात. केरळात स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००४ पासून तोच मार्ग धरला. आपल्याकडे सूचनांत ‘दोषारोप नको’ असे लिहिलेले आहे, बैठकीत मात्र पहिला प्रश्न ‘ड्युटीवर कोण होते’ हाच येतो.

तापीकाठ यांच्या काट्यासारखेच आणखी एक: जन्मल्यावर दोन-चार श्वास घेऊन गेलेले बाळ ‘उपजत मृत्यू’, म्हणजे मृतच जन्मलेले, म्हणून लिहिले, की अर्भकमृत्यूच्या हिशेबातून ते सुटते. उपजत मृत्यू अचानक वाढलेले आणि पहिल्या दिवसाचे मृत्यू कमी झालेले दिसले, तर अभिनंदनाची घाई करू नये.

मुख्यसेविका निवृत्त (तळोदा)

सर्वांचे वाचले. आमच्या सेविकेने साडेसात-आठच्या मध्ये ‘आठ’ का लिहिले, हे कोणी विचारले नाही, म्हणून लिहिते.

दंडाच्या घेराची पट्टी आपण पाहिली असेल. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल म्हणजे तीव्र कुपोषण, साडेबारापर्यंत पिवळा, पुढे हिरवा. पट्टी किती ओढायची, हे मोजणाऱ्याच्या बोटात असते. एके वर्षी माझ्या बीटमध्ये, म्हणजे माझ्या देखरेखीखालच्या अंगणवाड्यांत, मी ठरवले की या महिन्यात सगळ्या मुलांचे दंड आणि वजने माझ्या देखत घ्यायची. घेतली. तीव्र कुपोषित मुलांची संख्या मागच्या महिन्याच्या दुपटीहून अधिक निघाली. ग्राम बालविकास केंद्रे वाढतील, जादा आहार येईल, असे मला भाबडेपणाने वाटले होते. त्याऐवजी मासिक बैठकीत मला उभे करण्यात आले आणि आठवड्याने कारणे दाखवा नोटीस आली, की आपल्या कार्यक्षेत्रात कुपोषण एकाएकी का वाढले याचा खुलासा करावा. मी खुलासा दिला. पुढच्या महिन्यात संख्या खाली आली. एकाही मुलाचे वजन वाढलेले नव्हते.

तेव्हा दादा, ‘काटा दुसऱ्याच्या हातात द्या’ हे अर्धे झाले. तो दुसराही त्याच साहेबांच्या बैठकीत उभा राहणार असेल, तर त्याचीही सुई आठवरच थांबेल.

अभ्यासक (शिरपूर)

ताईंच्या अनुभवानंतर हे पुस्तकी वाटेल, पण डॉक्टर आणि लेखणी यांच्या उत्तरांत ‘मूल वाढले का’ हा प्रश्न सुटला नाही, म्हणून मांडतो. मेक्सिकोत १९९७ मध्ये गरीब कुटुंबांना मुलांच्या शाळा आणि आरोग्य तपासणीच्या अटीवर रोख मदत देणारी योजना सुरू झाली. सर्वत्र एकदम पोहोचवणे शक्य नव्हतेच, म्हणून ५०६ गावे घेऊन चिठ्ठी टाकून ३२० गावांत आधी आणि १८६ गावांत नंतर योजना दिली, आणि मधल्या काळात दोन्हींची तुलना केली. त्या पुराव्यामुळे सरकार बदलल्यावरही योजना टिकली. पुढे २००४ च्या कायद्याने तिथे सामाजिक योजनांच्या मूल्यमापनासाठी वेगळी परिषदच झाली. आपल्याकडे नियोजन आयोगाने १९५२ मध्येच कार्यक्रम मूल्यमापन संघटना स्थापली होती. आज ते काम नीती आयोगाच्या विकास संनियंत्रण व मूल्यमापन कार्यालयाकडे आहे.

गिरणाकाठची (चाळीसगाव)

ज्या १८६ गावांना थांबावे लागले, तिथल्या मुलांचे काय, हा प्रश्न मला पडतो. तरीही आपल्याकडे निधी अपुरा म्हणून काही गावे अशीही थांबतातच, आणि चिठ्ठीऐवजी आमदारांच्या शिफारशीवर थांबतात, हे मान्य करावे लागेल.

तापीकाठ (शहादा)

मुख्यसेविका ताई, तुमचा आक्षेप शंभर टक्के मान्य. नमुना नोंदणीचा आकडा खरा येतो, याचे एक कारण असे की त्या गणकाला मृत्यू जास्त लिहिल्याबद्दल कोणी नोटीस देत नाही. राज्य शासनाने डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या बालमृत्यू मूल्यांकन समितीने दोन दशकांपूर्वीच दाखवून दिले होते, की मोठ्या संख्येने बालमृत्यू शासकीय नोंदींपर्यंत पोहोचतच नाहीत. तेव्हाही कार्यालयात आम्हाला पडलेला पहिला प्रश्न ‘आता वरून काय येणार’ हाच होता.

जिथे अशा बैठकीची भीती नसते अशी तपासणी आपल्या जिल्ह्यात झालेली आहे, याची आठवण करून देतो. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ पासून महाराष्ट्रातील पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली: पुणे, ठाणे, अमरावती, उस्मानाबाद आणि आपले नंदुरबार. गावकरीच उपकेंद्राच्या सेवेला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग द्यायचे आणि ते पत्रक जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर वाचले जायचे. आम्हा कार्यालयातल्या लोकांना तेव्हा ती कटकट वाटायची, हे कबूल करतो. एका जनसुनवाईत एका बाईने ‘आरोग्यसेविका आठवड्यातून किती वेळा येते’ या प्रश्नाला हाताची बोटे न मोजता सरळ आमच्याकडे बोट दाखवून विचारले, “तुमच्या कागदात किती वेळा येते?” आमच्या कागदात चार वेळा होते. सभा हसली, मी मान खाली घातली. चाळीसगावच्या आजींच्या प्रश्नाला त्या दिवशी निदान उत्तर द्यावे लागले होते.

रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यात कलम १७ ने ग्रामसभेकडून सामाजिक अंकेक्षण, म्हणजे लोकांनीच करायची तपासणी, बंधनकारक केले होते, अन्नसुरक्षा कायद्यातही कलम २८ आहे. मेघालयाने २०१७ मध्ये लोकसेवांसाठी तसा कायदाच केला. आरोग्याला मात्र आपल्याकडे तो आधार नाही, निधी आला तर देखरेख चालते, नाही आला तर थांबते.

ताई, तुमची तयारी असेल तर एक छोटे काम करू. सरपंच आणि सेविका दोघांच्या संमतीने एका पाड्यावर, नोंदवहीत वजने लिहून झाल्यावर चार-आठ दिवसांत, तीच मुले पुन्हा मोजू. पहिली यादी न पाहता. निकाल वर कुठेही पाठवायचा नाही, तो त्याच पाड्यावर वाचायचा.

केळीबाग (रावेर)

काटा माझ्याकडून घ्या. केळी तोलायचा नव्हे, लहान बाळांचा इलेक्ट्रॉनिक काटा विकत घेऊन पाठवतो. सोबत चार घड केळीही येतील, ती मोजून झाल्यावर द्या, आधी नको.

मुख्यसेविका निवृत्त (तळोदा)

मी येते. पट्टी मी ओढीन, लिहायला गिरणाकाठच्या ताईंना घ्या. फक्त आत्ता जाऊ नका, निम्मी घरे कुलूपबंद आहेत. होळीच्या आठवड्यात ठेवा, तेव्हा सगळी मुले घरी असतात.